काळीज ताठेस्तोवर

माझा नवरा दमदिन महिनाभर हसला नाही. ज्यांचे नवरे मुळातच हसत नाहीत त्या बायकांना यात काही विशेष वाटणार नाही. पण दमदिन म्हणजे आमच्या तालुक्याचा फुकटचा तमाशा. लग्न असो, बाळाचं जावळ असो, घोड्यांची शर्यत असो, लोक आधी विचारतात, "दमदिन येतोय ना?" तो रुसलेल्या उंटाची नक्कल करतो, तालुकाप्रमुखाच्या भाषणाची करतो, आणि माझी पाठ वळली की माझी करतो. लग्न झाल्यापासून मी त्याला "दात मिट आता" म्हणत आले होते. हसतील त्याचे दात दिसतील, पण याचे तर कायमच दिसायचे.

ते मिटले एका यंत्रामुळे.

पांढरा महिना, म्हणजे आमचं नवीन वर्ष, तोंडावर आला होता. आमच्या भागाची नर्स मोटारसायकलवरून फडफडत आली आणि गाडीवरून न उतरताच ओरडली, "शहरातून डॉक्टर येतायत! ज्यांच्या रक्तात 'बी' कावीळ निघालीय त्यांनी सगळ्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात यायचं. काळीज किती ताठलंय ते मोजणारं यंत्र आणतायत. सुई नाही, सुरी नाही. बरगड्यांवर नुसत्या टिचक्या! आणि आधी तीन तास पोटात काही नको!"

दमदिन मेंढ्यांसाठी पाण्यावरचा बर्फ फोडत होता. पहार तशीच हातात धरून तो उभा राहिला.

"म्हणजे मी किती हसलो ते मोजणार?"

"काळीज मोजणार, काका. किती ताठलंय ते."

"तेच म्हणतोय मी."

आता इथे सांगायला हवं की आमच्याकडे काळीज, म्हणजे यकृत, हा नुसता पोटातला अवयव नाही. सगेसोयरे म्हणजे 'काळजातले', सख्खे भाऊ म्हणजे 'एका काळजाचे'. आणि कुणी हसून हसून जमिनीवर लोळायला लागला की आम्ही म्हणतो, 'काळीज ताठेस्तोवर हसला'. आजी म्हणायची, मी म्हणते, आमची नातसुद्धा म्हणते. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचा अर्थ कोण बघतो? दमदिननं बघितला. नर्सची गाडी टेकडीआड गेली तेव्हा मला हसू आवरत नव्हतं आणि तो खाली मान घालून बर्फाच्या तुकड्यांकडे बघत होता.

भीती वाटायला कारण होतं, नाही असं नाही. त्याचा धाकटा भाऊ ओचिर दोन वर्षांपूर्वी काळजाच्याच दुखण्यानं गेला. 'बी' कावीळ दोघांनाही जन्मतःच आईकडून आली होती. बिचारीला स्वतःला माहीत नव्हतं, पण घरातलं सगळं जसं ती दोघांत सारखं वाटायची तसं हेही वाटलं गेलं. ओचिरला शहरात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या बरगड्यांतून लांब सुई घालून काळजाचा तुकडा काढला. पोटच्या पोराला काळजाचा तुकडा म्हणतात एवढंच मला ठाऊक होतं. इथे खराखुरा काढून बाटलीत घातला. ते ऐकल्यापासून दमदिन तपासणीचं नाव काढू देत नव्हता. मी विषय काढला की म्हणायचा, "माझं काळीज अख्खं आहे, ते मी अख्खंच पुरणार."

पण आता सुई नव्हती. त्याची पळवाट बंद झाली आणि माझा जीव टांगणीला लागला. मी स्पष्टच सांगते, मला त्या यंत्राची त्याच्यापेक्षा जास्त भीती वाटत होती. ओचिरची बायको सेवेलमा एकटी शेळ्या वळते, एकटीच गेरच्या, म्हणजे आमच्या लोकरी तंबूच्या, दोऱ्या ताणते. तिच्या चुलीपाशी बसलं की मला माझी चूल दिसायची.

तर दमदिननं ठरवलं, यंत्र येईपर्यंत हसायचं नाही. ताठलेलं असेल तेवढं सैल पडू दे.

पहिले दोन-चार दिवस मला बरं वाटलं. घर कसं शांत! मग हळूहळू जीव नकोसा झाला. सकाळी उठून तो मीठ-दुधाचा चहा घ्यायचा आणि दाराकडे बघत बसायचा, मूग गिळल्यासारखा. मी मुद्दाम चहात मीठ दोनदा घातलं. एरवी यावर त्यानं दिवसभर नाटक केलं असतं. आता म्हणाला, "चांगलाय." नात शहरातून फोनवर म्हणाली, "आजोबा, उंट करा ना." यानं उत्तर दिलं, "उंट आजारी आहे."

पांढऱ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी तर कहर झाला. शेजारच्या बातच्या घरी आम्ही सगळे जमलो होतो. ताटात शिजवलेल्या मेंढीची अख्खी पाठ, चरबीची शेपटी वगैरे, मानानं मांडलेली. बात सुरी घेऊन उभा राहिला, पहिला तुकडा कापण्याआधी गंभीर होऊन आशीर्वाद म्हणायला लागला, आणि डोळे मिटले. डोळे मिटले ही चूक. त्याच्या कुत्र्यानं दारातून झेप घेतली, शेपटी तोंडात धरली आणि पाठीसकट ओढत बाहेर. बातनं "सुखी ठेव, भरपूर दे" म्हणत डोळे उघडले तर समोर रिकामं ताट! हशानं गेर हलली. बातची ऐंशी वर्षांची आईसुद्धा मांडीवर हात आपटून हसत होती. दमदिन एकटा उठला आणि बाहेर गेला. मी मागोमाग गेले. तो गेरच्या पाठीमागे टोपी तोंडात कोंबून उभा होता आणि त्याचे खांदे गदगदत होते. डोळ्यांतून पाणी, ते गालावर गोठलेलं.

"अरे हस की मोकळेपणानं! मरशील असा!"

त्यानं टोपी काढली. "हसून मेलो तर?" असं म्हणाला आणि परत तोंडात घातली.

शेवटी यंत्राचा दिवस उगवला. आम्ही जुनी जीप काढून तालुक्याला निघालो. निघण्याआधी मी त्याला बजावलं, "पोटात काही नको. चहासुद्धा नाही. कळलं का म्हाताऱ्या?" त्यानं मान डोलावली. वाटेत सेवेलमाची गेर दिसते. मी म्हटलं, येताना जाऊ. त्यानं तोंड दुसऱ्या खिडकीकडे वळवलं. ओचिर गेल्यापासून त्यानं त्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं. नवीन वर्षाची भेटसुद्धा माझ्याच हाती पाठवायचा. मला वाटायचं, भावाची रिकामी खाट बघवत नसेल.

दवाखान्यात ही गर्दी. अख्ख्या तालुक्याची काळजं मोजायची होती. मी रांगेत उभी राहिले आणि दमदिन म्हणाला, "तोवर मी दुलमाआत्याला भेटून येतो. इथं मागेच तर राहते. नवीन वर्ष आहे, थोरल्यांना भेटलो नाही तर बरं दिसत नाही. नुसती रीतीपुरती तपकिरीची कुपी पुढे करतो आणि येतो."

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी जाऊ दिलं. नुसत्या तपकिरीला त्याला इतका वेळ लागला की माझ्या पुढचे सगळे संपले.

आत डॉक्टर म्हणजे एक पोरगी. अनुदारी तिचं नाव, आमच्या लेकीपेक्षाही लहान. तिनं दमदिनला खाटेवर उताणं झोपवलं, उजवा हात डोक्यावर घ्यायला लावला, अंगरखा वर केला आणि बरगड्यांवर थंडगार चिकट काहीतरी लावलं. मग यंत्राची दांडी टेकवली. टक. दमदिन मासा उडावा तसा उडाला.

"हलू नका काका. दुखत नाही ना?"

"दुखत नाही," दमदिन दात आवळून म्हणाला. "गुदगुल्या होतात."

टक. त्याचं पोट आत गेलं. टक. पाय हवेत. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी जाऊन त्याचे पाय धरले. तो छताकडे बघत पुटपुटायला लागला, कर्ज, दुष्काळ, लांडगे, कर्ज, दुष्काळ, लांडगे. तरी प्रत्येक टिचकीला त्याच्या नाकातून बारीक शिट्टी निघायची. बाहेरच्या रांगेत खसखस पिकली. डॉक्टर म्हणाली, "हसू येत असेल तर आधी हसून घ्या, मग मोजू."

दमदिन इतका दचकला की दांडी सटकली. "हसून? मोजायच्या आधी? मला काय दूधखुळा समजलात?"

कसंबसं उरकलं. डॉक्टरनं पडद्याकडे बघितलं आणि तिच्या कपाळावर आठी पडली.

"अकरा," ती म्हणाली. "सहाच्या आत असलं तर मऊ. बाराच्या पुढे गेलं की आम्ही दगडच धरतो. तुमचं त्या बाजूला झुकलंय."

दमदिन हळूच म्हणाला, "मला माहीतच होतं." आणि उठून बसताना त्याला ढेकर आली. साधीसुधी नव्हे. मटण, कांदा, लसूण, सगळं क्रमानं खोलीभर पसरलं.

डॉक्टरनं नाक मुरडलं. "काका, काही खाल्लंय का?"

"नाही."

"दमदिन!" मी म्हटलं.

"चाखलं थोडं."

"काय चाखलं?"

"बूझ." वाफवलेले, मटण भरलेले, आत्याच्या हातचे. "आता आत्याला काय सांगू मी? काळीज मोजायचंय म्हणून तुझं काळीज मोडतो? ती नव्वदीला टेकलीय. पुढच्या वर्षी ती नसेल किंवा मी नसेन. म्हणाली, एक घे. एक घेतला तर म्हणाली, एकटा कसा जाईल, त्याला जोडीदार दे. जोडीदार दिला तर म्हणाली, जोडप्याला पोरं नकोत का? अख्खं कुटुंब झालं माझ्या पोटात."

रांगेतल्यांनी दाराला कान लावलेच होते. ते फुटले. डॉक्टरसुद्धा तोंडावर हात ठेवून वळली. दमदिन मात्र एकटा रडवेला होऊन बसलेला.

"जेवणानंतर काळजात रक्त जास्त येतं," डॉक्टर म्हणाली. "मग ते फुगतं, ताठ लागतं. हा आकडा आपण धरायचा नाही. तीन तास काही खाऊ नका आणि परत या. काकू, तुम्ही लक्ष ठेवा."

लक्ष म्हणजे काय, मी त्याला जीपमध्ये कोंडलं आणि शेजारी बसले. पांढऱ्या महिन्यात तालुक्याच्या गावात उपाशी बसणं सोपं नाही. दर थोड्या वेळानं कुणीतरी काचेवर टकटक करायचं आणि आरूलचा, म्हणजे वाळवलेल्या दह्याचा, खडा नाहीतर मिठाईची मूठ आत सरकवायचं. मी सगळं माझ्या मांडीवर ठेवत होते. एकानं वोडकाची बाटलीच पुढे केली. त्याला मी असं काही बोलले की त्यानं ती उलट्या पावली परत नेली.

दमदिन समोरच्या पांढऱ्या माळाकडे बघत होता. मग एकाएकी म्हणाला, "ओचिरला मी मारला."

मी म्हटलं, "काय?"

"हसवून मारला. तो आजारी पडला तेव्हा मी रोज जायचो ना? त्याला बरं वाटावं म्हणून काय काय करायचो. उंट करायचो, आत्या करायचो, त्याची बायको करायचो. तो कुशी धरून हसायचा. म्हणायचा, दादा बस, दुखतंय रे, बस. आणि मी थांबायचो नाही. मग शहरातून निरोप आला, काळीज ताठलंय. त्या दिवशी कळलं मला. लगेच तोंड बंद केलं. शेवटचा महिना मी नुसता जाऊन बसायचो, एक शब्द विनोदाचा काढला नाही. पण उशीर झाला होता."

मला आधी हसू आलं, खरं सांगते. मग मी वळून त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षं हा माणूस लग्नांत उंट करत होता आणि पोटात हे घेऊन फिरत होता. मी पस्तीस वर्षं याची बायको, मला पत्ता नाही.

"अरे गाढवा," मी म्हटलं, "ती बोलायची पद्धत आहे."

"मग यंत्रवाले तेच का मोजतात?"

मी मेंढपाळीण, डॉक्टर नव्हे. म्हणून मी त्याचा हात धरून बसले. त्यानं तो सोडवून घेतला नाही.

वेळ भरल्यावर आम्ही परत आत गेलो. या वेळी दमदिन मुळीच उडाला नाही. नुसता ओंडक्यासारखा पडून राहिला, गुदगुल्यासुद्धा त्याच्यापर्यंत पोचत नव्हत्या. टक, टक, टक, एका दमात झालं. डॉक्टरची आठी मावळली.

"साडेसात. बघा! ताठायला लागलंय, पण दगड नाही. रोज एक गोळी घ्यायची, न चुकता, जन्मभर. दारूचा थेंब नाही. सहा महिन्यांनी परत मोजू. काका, तुम्ही वेळेवर आलात."

माझ्या डोळ्यांना धार लागली. मी त्या पोरीचे हात धरले, कपाळाला लावले. आणि हा बाबा तसाच खाटेच्या कडेवर, अंगरखा वर, पोट उघडं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "साधारण माणसानं दिवसाला किती... म्हणजे घरात कुणी गमत्या असेल... म्हणजे समजा, उंट..."

"उंट?" डॉक्टर म्हणाली.

"ताकाला जाऊन भांडं काय लपवतोस?" मी म्हटलं. "डॉक्टरबाई, याला विचारायचंय की हसल्यानं काळीज ताठतं का."

शहरातली असली तरी पोरगी आमच्याच भाषेची. तिला कळायला क्षण लागला, मग ती हसत म्हणाली, "अहो, ते नुसतं म्हणायचं! विषाणू वर्षानुवर्षं आत जखमा करतो, जखमांचे वण पडतात, वणांनी ते ताठतं. हसण्याचा काय संबंध?"

"आजारी माणसालासुद्धा नाही? ज्याचं आधीच ताठलंय त्याला कुणी रोज हसवलं तर?"

डॉक्टरचं हसू थांबलं. ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. "कोण होतं?"

"भाऊ. धाकटा."

"नाही काका," ती म्हणाली. "त्यानं काहीही झालं नाही. काहीसुद्धा नाही."

दमदिननं अंगरखा खाली ओढला, पट्टा बांधला, टोपी घातली. बाहेर आल्यावर मला वाटलं आता हा नाचेल. तो म्हणाला, "डॉक्टरांना काय माहीत? त्या काही तिथे नव्हत्या. सेवेलमा होती." आणि जीपचं चाक त्यानं स्वतःच हातात घेतलं.

सेवेलमा दारातच उभी होती. दिराला बघून तिनं कमरेवर हात ठेवले.

"या या. मला वाटलं, भावोजींना या घराचा रस्ता लांडग्यांनी खाल्ला."

एरवी यावर दमदिननं तिला एकास दोन ऐकवले असते. तो उंबऱ्याबाहेरच टोपी काढून थंडीत उभा राहिला आणि सगळं एका श्वासात बोलून गेला, हसवल्याचं, शहरातल्या निरोपाचं, यंत्राचं, डॉक्टरनं काय सांगितलं त्याचं. बोलून झाल्यावर म्हणाला, "आता तू सांग."

सेवेलमानं त्याच्या दंडावर एक जोरदार रट्टा दिला.

"याच्यासाठी दोन वर्षं आला नाहीस? अरे मूर्खा, सकाळपासून तो विचारायचा, दादाची जीप वाजली का? तू हसवून गेलास की त्या रात्री त्याला झोप लागायची. तेवढीच लागायची." तिचा आवाज चिरकला. "आणि मग तू एकदम गप्प झालास. येऊन बसायचास, बोलायचा नाहीस. तो मला म्हणाला, सेवेलमा, दादानं उंट करणं सोडलं. म्हणजे मी आता वाचत नाही."

दमदिन तिथेच बर्फात बसला आणि मोठ्यानं रडायला लागला. मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, ओचिरला पुरलं तेव्हासुद्धा नाही. सेवेलमानं त्याला काखेत हात घालून उठवलं, ओढत आत नेलं आणि ओचिरच्या खाटेवर बसवलं.

"बस कर," ती डोळे पुसत म्हणाली. "या घरात तेव्हापासून कुणी हसलेलं नाही. शेळ्यासुद्धा गंभीर झाल्यात. काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"त्याचं सांग. लहानपणचं."

दमदिननं नाक पुसलं. मग घोगऱ्या आवाजात सुरू केलं, ओचिर सहा वर्षांचा असताना त्यानं वडिलांची सणाची टोपी बोकडाच्या शिंगांवर कशी चढवली आणि आंधळी आजी त्या बोकडाला नमस्कार करून तब्येत कशी विचारत बसली. ही गोष्ट सेवेलमानं ओचिरकडून शंभर वेळा तरी ऐकली असेल. तरी बोकडानं आजीला उत्तर दिलं तिथे ती हसायला लागली, आणि थांबेना. मी चुलीत गोवऱ्या घातल्या आणि चहा ठेवला.